रोड सायकलपटूंसाठी डेक्सा स्कॅन: पैसे वसूल, पण रिपोर्ट नीट वाचा

सायकलिंगने हृदय आणि फुप्फुसं दणकट होतात, हाडांना मात्र त्याचा फारसा फायदा नाही. तासन्‌तास वजन सॅडलवर, पायांना जमिनीचा दणका नाही. त्यात लांब राइडच्या मानाने खाणं कमी पडलं की हार्मोन्सही घसरतात. फटका मुख्यतः कमरेच्या मणक्यांना बसतो. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, जरूर करावी.

काम साधारण पंधरा मिनिटांचं, किरणोत्सर्ग अगदी थोडा. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा. अंगावर चेन, धातूची बटणं नकोत. मणक्यांसाठी (एल-१ ते एल-४) पाय ठोकळ्यावर ठेवतात, खुब्यासाठी पाऊल आत वळवून बांधतात. गडबड इथेच होते: पाऊल पुरेसं वळलं नाही तर खुब्याचा आकडा चुकतो. तेव्हा टेक्निशियन घाई करत असेल तर सरळ टोका. शिबिरात टाचेवर होणारी तपासणी याला पर्याय नाही.

पन्नाशीच्या आतले पुरुष आणि पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) नव्हे, झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या आणि लिंगाच्या लोकांशी तुलना) बघायचा. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर रिपोर्ट घेऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरकडे) जा, ड जीवनसत्त्वही तपासा. उतारवयात मणक्यांची झीज झाली असेल तर आकडा उगाच चांगला दिसतो. अशा वेळी खुब्याचाच धरावा.

पुढचा स्कॅन वर्षाआधी नको आणि शक्यतो त्याच मशिनवर करा, नाहीतर तुलना फोल. मधल्या काळात आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि, हाडं फार ठिसूळ नसतील तर, दोरीवरच्या उड्या.