दिवाळी अंकातील बुकमार्कच्या नावाखाली १४,८२० रुपयांना गंडा

माझा भाजणी, मेतकूट आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय पुण्यात आहे. वाचनालयांत आणि स्टॉलवर जाणाऱ्या दिवाळी अंकांत आमच्या जाहिरातीचे बुकमार्क घालून देण्याची योजना घेऊन एक मध्यस्थ उद्योजिकांच्या गटात आला होता. ही कल्पना आजही मला वेडगळ वाटत नाही, कारण १९०९ पासून चालत आलेल्या या परंपरेचा वाचक तोच माझा ग्राहक, आणि हातपत्रक रद्दीत जाते तसा बुकमार्क जात नाही.

दर ठरला तो असा: ५,००० नगांचे प्रत्येकी २ रुपये ८० पैशांप्रमाणे १४,००० आणि अंकांत घालण्याचे २,५००. निम्मे, म्हणजे ८,२५० रुपये आगाऊ दिले. मग 'प्लेट आणि डाय' म्हणून ३,६०० आणि 'बिल फाडायचे आहे' म्हणून जीएसटीचे २,९७० घेतले. नमुना मात्र देखणा होता: जाड आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, वर मरून रंगाचा गोंडा. नमुन्यावर छापणाऱ्याची सही आणि कागदाचे जीएसएम (म्हणजे कागदाची जाडी सांगणारे वजन) लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

खरी ठेच लागली ती दुसऱ्या हप्त्याच्या वेळी. पिन टाकण्यापूर्वी मोबाईलच्या पडद्यावर छापखान्याऐवजी एका अनोळखी गृहस्थाचे नाव स्वच्छ दिसत होते. मी विचारलेही, "चालू खाते काकांच्या नावावर आहे, ताई," असे उत्तर आले. कढईत भाजणी होती, दिवाळीच्या ऑर्डरी तुंबल्या होत्या, आणि आपल्याकडे काकांच्या नावावर खाते असणे ही काही जगावेगळी गोष्ट नाही. तरीही ते नाव अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

हाती आला तो ६०० नगांचा गठ्ठा. वरचे चार-पाच नमुन्यासारखे, खालचे सगळे पत्रकाच्या पातळ कागदावरचे, कडांना लॅमिनेशन सुटलेले. उरलेले ४,४०० 'वाटले' म्हणून जे फोटो आले, त्यांत एकच अंक निरनिराळ्या बाजूंनी टिपलेला होता. बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो. तो कर्नाटकाचा संकेतांक असून महाराष्ट्राचा २७ आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक फुकट तपासता येतो, आणि तो पैसे देण्याआधी तपासायचा असतो.

चौकीत सांगितले गेले की तुमचा व्यवहार ठरला होता, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे, असे विचारल्यावर साहेब जेवायला गेले. बँकेने, पिन तुम्हीच टाकला, असे म्हणून हात झटकले. एका सल्ला केंद्रातील बाईंनी तर धंद्यासाठी खरेदी केली म्हणून मी ग्राहकच नाही असा निर्वाळा दिला. वास्तविक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला ही आडकाठी नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीचे शुल्कही नाही. ज्यांनी मला सांगायचे, त्यांना मी सांगत बसले!

पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा; रक्कम पुढच्या खात्यात सरकली की ती गोठवणे अवघड होते. मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. तोच मरून गोंडा आणि २९ ने सुरू होणारे बिल आणखी कोणाकडे असेल, तर त्यांनी बिल, पावत्या आणि संभाषण जपून ठेवून आपली स्वतंत्र तक्रार नोंदवावी.