‘मिडब्रेन’साठी पैसे भरण्याआधी हे वाचा

डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली माझी नऊ वर्षांची लेक स्टेजवर पुस्तक वाचत होती आणि मी खाली खुर्चीत बसून रडत होते. आनंदाने. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

शाळेबाहेर वाटलेल्या पत्रकावर ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन : आपले मूल एकपाठी बनवा’ असं छापलं होतं. मेंदूचा मधला भाग ‘जागा’ केला की मूल डोळे झाकूनही वाचतं, असा त्यांचा दावा. दोन दिवसांचं शिबिर, फी 22,000. लेकीची हातच्याची वजाबाकी तेव्हा सारखी चुकायची, वर्गात बाई सगळ्यांसमोर बोलायच्या. भिशी नुकतीच लागली होती, ते सगळे पैसे मी भरले. पालकांना आत प्रवेश नव्हता. ‘तुमच्या शंकेच्या लहरींनी मुलांची एकाग्रता मोडते,’ असं सांगितलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘फी परत मिळणार नाही’ होतं. ते मी घरी आल्यावर वाचलं.

पुढे पंधरा दिवस घरी रोज प्रयोग. पाहुणे आले की पट्टी बांधायची, नोटेचा नंबर वाचून दाखवायचा. मग पुढच्या ‘लेव्हल’चे 15,000 भरा म्हणून फोन सुरू झाले.

माझे मोठे दीर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. ते एका रविवारी आले. त्यांनी काही वाद घातला नाही. लेकीने पट्टी बांधली, तेव्हा त्यांनी पुस्तक तिच्या मांडीवर न देता तिच्या कपाळाच्या वर धरलं. ती गप्प. मग पट्टी काढून पोहण्याचा गॉगल आणला, काचांवर काळी चिकटपट्टी लावून तो घातला. एक अक्षर वाचता येईना. ती हमसून हमसून रडायला लागली.

रात्री माझ्या कुशीत शिरून म्हणाली, “आई, नाकाजवळून खाली दिसतं गं. सगळ्यांनाच दिसायचं. सर म्हणाले, कुणाला सांगितलं तर शक्ती जाते. आणि तू किती खूश होतीस.”

पैशांचं दुःख आहेच. पण माझ्या मुलीला दोन दिवसांत तिथे खोटं बोलायला शिकवलं, आणि ते टिकवलं मी, टाळ्या वाजवून. हे मला अजून गिळवत नाही.

भाऊजींनी नंतर समजावलं. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. उजेड पडला की डोळ्याची बाहुली बारीक होते, आवाज आला की मान वळते, त्यात त्याचा वाटा असतो. तो प्रत्येक बाळात जन्मापासून चालूच असतो. बंद असता तर मूल शुद्धीवरच राहिलं नसतं. त्याला ‘जागं’ करण्याचे पैसे कसले घेता? डोळे झाकले की वाचता येत नाही, कारण वाचायला उजेड डोळ्यांत जावा लागतो. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, जादूगार तिचाच उपयोग करतात. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते आणि मंगळूरचे अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे प्रकार लोकांसमोर उघडे पाडले आहेत. मी आधी एकदा शोधलं असतं तर कळलं असतं.

तुमच्या गावात असं शिबिर आलं, तर पैसे भरण्याआधी त्यांनी दाखवायला आणलेल्या मुलाचीच परीक्षा घ्या. पट्टी तुम्ही न्या, तुम्ही बांधा. पान डोळ्यांच्या वर धरा, किंवा हनुवटीखाली पुठ्ठा आडवा लावा. आयोजक नकार देतील, मुलाचा ‘मूड’ गेला म्हणतील. तिथून तसेच उठा. मुलाला मात्र काही बोलू नका, त्याचा दोष नाही. भरून बसला असाल तर पावती, पत्रक, मेसेज जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करा. मी केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

हातच्याची वजाबाकी आता आम्ही दोघी चिंचोक्यांवर करतो. काल तिची पाचही गणितं बरोबर आली. मी तिला एवढंच विचारलं, “मजा आली का?”