‘पात्रता : बारावी पास’ – परदेशात कृत्रिम पाय बसवायला निघालेल्यांसाठी

जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर येते. परभणी, बीड, लातूर, नांदेडकडच्या नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांच्या ग्रुपवर तर हमखास. ‘कंबोडियात २१ दिवस कृत्रिम पायांच्या क्लिनिकमध्ये स्वयंसेवा. गरजूला स्वतःच्या हातानं पाय बसवा. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. राहणं-जेवण समाविष्ट. पात्रता : बारावी पास.’ खाली एका लेकराचा फोटो, गुडघ्याखाली नवाकोरा पाय, आणि शेजारी निळ्या टी-शर्टातली हसरी मुलगी.

सगळी फसवणूक शेवटच्या ओळीत आहे. बारावी पास माणसाच्या हातात स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, देणारं क्लिनिक एकतर क्लिनिक नाही, किंवा तिथल्या पेशंटला कुणी वाली नाही.

गुडघ्याखालचा पाय घ्या, कार्यशाळेत ज्याला ‘बीके’ म्हणतात तो. आधी स्टंप तपासायचा. जखम भरली का, सूज उतरली का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, साखरेचा पेशंट असेल तर कातडीला स्पर्श कळतो का. मग स्टंपवर पातळ मोजा चढवून कॉपिंग पेन्सिलनं हाडांच्या जागा खुणावतात : गुडघ्याची वाटी, नडगीची धार, नडगीचं खालचं टोक, बाहेरच्या अंगाला फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. त्यावर पीओपीची भिजवलेली दोन-तीन बँडेजं गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत वाटीच्या खाली दोन्ही अंगठ्यांनी दाब धरून ठेवायचा. पेन्सिलच्या खुणा साच्याच्या आत उमटतात. साच्यात मधोमध लोखंडी पाइप उभा करून पीओपी ओतलं की स्टंपची हुबेहूब प्रतिकृती मिळते.

इथपर्यंत महिन्या-दोन महिन्यांत कुणाचाही हात बसेल. खरी मेख पुढं आहे. स्टंप ज्यात बसतो ती खोळ, म्हणजे सॉकेट, या प्रतिकृतीवरच घडते, पण प्रतिकृती जशीच्या तशी वापरायची नसते, ती घासायची असते. ज्या जागेनं वजन पेलायचं, म्हणजे वाटीच्या खाली आणि नडगीच्या वरच्या भागात आतल्या अंगाला, तिथलं प्लास्टर काढायचं. जिथं दाब नको, म्हणजे फिब्युलाचं डोकं, नडगीची धार आणि टोक, तिथं प्लास्टर चढवायचं. हे सगळं मिलिमीटरच्या हिशेबात. फिब्युलाच्या डोक्याच्या लगत एक मोठी नस (मज्जातंतू) कातडीखालूनच जाते, तिथं सॉकेट टेकलं की पेशंटला मुंग्या येतात, आग होते. नडगीच्या टोकाला टेकलं की आठ दिवसांत जखम. प्लास्टर कमी काढलं तर सॉकेट ढिलं होतं आणि चालताना स्टंप आत वर-खाली होतो, पिस्टनसारखा. कातडी सोलते ती त्यानंच.

मग सहा मिलिमीटरचं ईव्हीए, म्हणजे मऊ फोम, साधारण १२० अंशांवर मऊ करून आतलं अस्तर, त्यावर चार-पाच मिलिमीटरची पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची शीट ओव्हनमध्ये १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं तापवून, प्रतिकृतीवर ओढून, मागं शिवण जोडून व्हॅक्यूम लावायचा. गरम असताना उतरवलं तर आकार पळतो, म्हणून शक्यतो रात्रभर तसंच ठेवतात. दुसऱ्या दिवशी पायतळ, म्हणजे कृत्रिम पाऊल, जोडून अलाइनमेंट (पाऊल आणि सॉकेट यांचा कोन जुळवणं), पॅरेलल बारमध्ये (दोन समांतर दांड्यांच्या मधे) चालवणं, पाय काढून कातडी बघणं. उमटलेली लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक. नाही गेली तर सॉकेटमध्ये चूक आहे, पेशंट हसतमुखानं ‘बरं आहे’ म्हणाला तरी.

भारतात या कामाची पदवी आहे, बीपीओ, म्हणजे बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ती शिकवतात. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे, कलम १३ मध्ये एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. २१ दिवसांच्या परदेशी प्रमाणपत्रावर ही नोंदणी मिळत नाही. फिजिओथेरपिस्टची नोंदणी वेगळ्या परिषदेकडं असते, आणि तिनंही सॉकेट घासायचा परवाना मिळत नाही. फिजिओनं पेशंटला चालायला शिकवावं, ते काम काही कमी अवघड नाही.

यावर एजंटांचं एक ठरलेलं उत्तर असतं : जयपूर फूट बनवणारे रामचंद्र शर्मा तरी कुठं पदवीधर होते? बरोबर आहे, नव्हते. पण ते आयुष्यभर हातानं घडवणारे कारागीर होते, आणि १९६८ च्या सुमारास तो पाय तयार झाला तेव्हा शेजारी डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते. तिथं बारावीच्या गुणपत्रिकेचा आणि तीन आठवड्यांच्या सहलीचा काही संबंध नव्हता.

आता पैसे. इकडं उचल म्हटलं की मुकादम देतो आणि माणूस कारखान्यावर जातो. इथं उलटं आहे, उचल तुम्ही द्यायची आणि जायचंही तुम्हीच. आमच्यासमोर असलेल्या एका मुलाच्या पावत्या अशा : नोंदणी ५,९००. चार दिवसांनी ‘तुमची निवड झाली’, प्लेसमेंटचे ६४,०००. मग व्हिसा प्रक्रिया १५,०००, विमा आणि ‘मेडिकल क्लिअरन्स’ ९,०००. सगळं झालं, तिकीट निघालं, आणि निघायला बारा दिवस असताना ‘मटेरियल किट’चे ३८,०००, कारण ‘क्लिनिक गरीब आहे, स्वयंसेवक स्वतःचं साहित्य आणतात’. बेरीज १,३१,९००, विमानाचं तिकीट वेगळं. शेवटची मागणी मुद्दाम तिकिटानंतर येते. तोवर घरच्यांनी सोयाबीनचे पैसे घातलेले असतात आणि गावभर पेढे वाटून झालेले असतात. अशा वेळी कोण मागं फिरतं?

कंबोडियाचा पर्यटक व्हिसा साधारण ३० डॉलरला मिळतो आणि अर्ज घरबसल्या करता येतो. पंधरा हजार कशाचे, हे विचारलं की ‘एम्बसी हँडलिंग’ असं गोल उत्तर येतं. त्याहून वाईट म्हणजे व्हिसा पर्यटकाचाच काढलेला असतो. पर्यटक व्हिसावर क्लिनिकमध्ये काम करणं, बिनपगारी असलं तरी, बहुतेक देशांत चालत नाही. टांझानियात तर स्वयंसेवकांसाठी ‘क’ वर्गाचा स्वतंत्र निवास परवाना आहे आणि तो बोलावणाऱ्या संस्थेच्या कागदांवर निघतो. विमानतळावर ‘फिरायला आलो’ असं सांगायला कुणी पढवत असेल, तर पकडलं गेल्यावर दंड आणि परतपाठवणी तुमच्या नावावर लागणार, एजंटाच्या नाही.

केनियाची बॅच असेल तर पीतज्वराची लस लागते. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि अधिकृत केंद्रातच घ्यायची. तिथल्या पिवळ्या पुस्तिकेशिवाय परत आलात तर भारतात सहा दिवस विलगीकरणात ठेवतात. एजंट हा खर्च ‘पॅकेजमध्ये’ धरतो आणि ऐनवेळी विसरतो.

‘स्वयंसेवा’ हा शब्दही उगाच वापरलेला नसतो. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं, आणि त्याला तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोकरी न म्हणता स्वयंसेवा म्हटलं की तो या सगळ्यातून अंग काढून घ्यायला बघतो. आणि पावती? ती एखाद्या ट्रस्टच्या नावानं ‘देणगी’ म्हणून फाडलेली. देणगी परत मागता येत नाही, असं तो नंतर सांगतो. सेवेच्या बदल्यात घेतलेला पैसा पावतीवर देणगी लिहिल्यानं देणगी होत नाही.

किटचा प्रकार जाणकाराला हसू आणणारा आहे. अडतीस हजारांच्या खोक्यात दहा पायतळ, सगळे एकाच मापाचे, त्यातले सात उजवे. पायतळ पेशंटच्या धडक्या पायाच्या मापाचा लागतो, सेंटिमीटरमध्ये, डावा-उजवा बघून. सोबत दोन मिलिमीटरची शीट, जी बीकेच्या सॉकेटला कामाची नाही. शिवाय एवढा माल प्रवासी सामानात नेला की कस्टमवाले अडवतात. दान म्हणून न्यायचा तर स्वीकारणाऱ्या संस्थेची कागदपत्रं आधी तयार लागतात. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५पासून पाय मोफत देते, परदेशातही शिबिरं घेते, आणि साहित्य व कारागीर तीच नेते. पोरांच्या पिशव्यांमधून पायतळ मागवून कुठलंही शिबिर उभं राहत नाही.

पोचल्यावर काय होतं? गेस्ट हाऊस, दोन दिवस ‘ओरिएंटेशन’, अंकोर वाट. तीन आठवड्यांत दोन वेळा कुठल्याशा केंद्राच्या व्हरांड्यात नेतात, तिथं बाहेरचे पाहुणे म्हणून अर्धा तास फिरवतात, फोटो काढतात. ज्यांच्या वाट्याला एवढंच येतं ते सुटले म्हणायचे. वाईट प्रकार दुसरा : भाड्याच्या हॉलमध्ये खरेखुरे पेशंट बोलावतात आणि पोरांच्या हातात पीओपी देतात. माप घेतलं जातं, पाय दिला जातो, फोटो निघतो, बॅच परत येते. स्टंप मात्र पहिल्या वर्षात आकसत राहतो, सॉकेट सैल पडतं, मोजे वाढवावे लागतात, मग सॉकेट बदलावं लागतं. ते करायला तिथं कुणी नसतं. पाय खाटेखाली जातो आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर. इकडं कडबाकुट्टीत हात गेलेल्या आणि अपघातात पाय गेलेल्या माणसांच्या घरीही शिबिरातले असे हात-पाय माळ्यावर पडलेले सापडतील, तेव्हा हे समजायला कंबोडियापर्यंत जायची गरज नाही.

तिकीट, राहणं फुकट आणि वर डॉलरमध्ये पगार, अशी जाहिरात दिसली तर ती याहून धोक्याची. कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये नोकरीच्या नावानं नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या भारतीय तरुणांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं वारंवार इशारे दिले आहेत. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो ‘सुरक्षित ठेवायला’ कुणीही मागितला तरी द्यायचा नाही.

पैसे भरण्याआधी एक व्हिडिओ कॉल मागा, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. ऑफिस नको, कार्यशाळा दाखवा म्हणा. ओव्हन कुठं आहे? व्हॅक्यूम पंप? पाइप आवळून प्रतिकृती घासायचा व्हाइस (शिकंजा)? पॅरेलल बार? आणि फळीवर ओळीनं ठेवलेल्या पीओपीच्या प्रतिकृती, ज्यावर पेशंटचा क्रमांक, डावा की उजवा आणि तारीख पेन्सिलनं लिहिलेली असते. चालू कार्यशाळेत प्लास्टरची धूळ नसलेला कोपरा सापडत नाही, चकचकीत फरशी दिसली तर फोन ठेवा. मग विचारा : सॉकेटवर सही कुणाची असते, त्यांचं शिक्षण कुठलं, पेशंटला परत कधी बोलावता, मागच्या महिन्याच्या बॅचचे पेशंट आता कोण बघतं. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक कॉल कट होतात. जाहिरातीतला फोटोही गूगलवर उलटा शोधून बघा, तो बऱ्याचदा दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच संस्थेच्या शिबिराचा निघतो. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडं तपासता येतो.

खऱ्या संस्था वेगळ्या दिसतात, कारण त्या तुम्हाला सहजासहजी घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती पात्र माणसं नेमते, हौशी पाहुणे नाही. टांझानियात मोशीला आणि कंबोडियात नोम पेन्हला हे काम शिकवणाऱ्या संस्था आहेत, तिथं स्थानिक मुलंच तयार होतात, त्यांना तीन आठवड्यांच्या हातांची वाट बघायची वेळ येत नाही. खरी संस्था पैशाआधी तुमचा नोंदणी क्रमांक, दोन वरिष्ठांची पत्रं आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचा दाखला मागते. बिगरपदवीधराला करता येण्याजोगं काम म्हणजे नोंदी, दुभाषेपणा, रांग लावणं, पेशंटला घरून आणणं-सोडणं. त्याला माणसं आपल्याच जिल्ह्यातल्या एडिप योजनेच्या (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) शिबिरांत लागतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सव्वा लाखाचा.

पैसे गेलेच असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन करा, जमलं नाही तर त्याच दिवशी. यूपीआयचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हातात काही येतं. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होते. ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवलं तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहे. एजंटाचं ऑफिस पुण्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. रागाच्या भरात ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका, आधी ती एक्सपोर्ट करून ठेवा. पावतीवर ‘देणगी’ असली तरी चॅटमध्ये कुठंतरी त्यानंच ‘फी भरली का’ असं लिहिलेलं सापडतं. तक्रारीला ते पान सगळ्यात वर जोडा.