आर्मिनियस आणि मारोबोदुस: रोमला सामोरे जाण्याचे दोन मार्ग

आर्मिनियस आणि मारोबोदुस या दोन्ही जर्मानिक नेत्यांनी रोमला जवळून पाहिले होते. पहिल्याने रोमन सैन्यात साहाय्यक तुकड्यांचे नेतृत्व करून नागरिकत्व मिळवले, तर दुसऱ्याने तारुण्याचा काही काळ प्रत्यक्ष रोममध्ये घालवला. मारोबोदुसने आपल्या मार्कोमानी लोकांना रोमन सीमेपासून दूर बोहेमियात (आजच्या चेकियात) नेऊन रोमन धर्तीची शिस्तबद्ध फौज उभारली. इ. स. ६ मध्ये रोमन सेनापती टायबेरियस त्याच्यावर चालून जात असतानाच रोमच्या ताब्यातील पॅनोनिया प्रदेशात बंड उसळले आणि रोमला मारोबोदुसशी तह करावा लागला.

आर्मिनियसने मात्र उघड युद्धाची जोखीम पत्करली. इ. स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या अरण्यात त्याने रोमन सेनापती व्हारुसच्या तीन लीजनांचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांचा) संहार केला आणि रोमविरुद्ध एकत्र येण्याचे आवाहन म्हणून व्हारुसचे शिर मारोबोदुसकडे पाठवले. मारोबोदुसने एकजुटीचे हे आवाहन स्वीकारले नाही. शिर सन्मानाने रोमला रवाना केले. माझ्या मते दोघांच्या धोरणांतील अंतर याहून स्पष्टपणे कुठेच दिसत नाही. इ. स. १७ मध्ये ते परस्परांशीच लढले, तेव्हा सेम्नोनी आणि लाँगोबार्दी या टोळ्या मारोबोदुसला सोडून आर्मिनियसला मिळाल्या, तर आर्मिनियसचा स्वतःचा काका शत्रुपक्षात गेला.

पुढे मारोबोदुस पदच्युत होऊन इटलीतील रावेन्नात रोमच्या आश्रयाला राहिला आणि अठरा वर्षांनी वारला. आर्मिनियसला त्याच्याच नातलगांनी ठार मारले. तरीही ऱ्हाईनपलीकडचा प्रदेश रोमचा प्रांत झाला नाही, याचे मोठे श्रेय मी आर्मिनियसलाच देईन.