डीसॉल्टिंग कॉलम तपासायला कुठले रंग? सात महिने वापरून झाल्यावर

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जूनपासून पीडी-१० कॉलम आहेत, म्हणजे प्रोटीनमधून मीठ वेगळं करणाऱ्या (डीसॉल्टिंग) नळ्या, सेफाडेक्स जी-२५ या जेलच्या सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या, ८.३ मिलीच्या. मोठे रेणू मण्यांत शिरत नाहीत म्हणून आधी खाली येतात, मिठासारखे छोटे रेणू आत शिरून मागे राहतात. एकच कॉलम धुवून परत परत वापरतो, त्यामुळे तो अजून नीट चालतोय का हे डोळ्यांनी बघायला रंगीत मार्कर लागतात आणि ते निवडण्यात माझा बराच वेळ गेला म्हणून सविस्तर लिहितेय.

ब्लू डेक्स्ट्रान हवाच. २० लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), जेलच्या मण्यांत शिरतच नाही, निळा पट्टा सगळ्यात आधी खाली येतो आणि तो वाकडा उतरला की बेडमध्ये (भरलेल्या जेलच्या थरात) चीर किंवा हवा आहे हे लगेच कळतं. पण ते प्रोटीन नव्हे, आणि आपल्या सॅम्पलमध्ये कधीच मिसळू नका, त्यावरचा सिबाक्रॉन ब्लू डाय अल्ब्युमिनला आणि बऱ्याच डीहायड्रोजनेज एन्झाइम्सना धरून बसतो.

खरं प्रोटीन म्हणून आधी सायटोक्रोम सी घेतलं. १२,४०० डाल्टन, जी-२५ ची मर्यादा ५,००० च्या आसपास (त्याहून मोठं मण्यांत शिरत नाही), म्हणजे काही अडचण नको होती, पण नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये चालवलं तर लाली वरच चिकटून राहिली, मला वाटलं कॉलम गेला! ते बेसिक प्रोटीन आहे, जेलवरच्या थोड्याशा निगेटिव्ह चार्जला चिकटतं. बफरमध्ये १५० मिलीमोलर मीठ घातलं आणि सरळ उतरलं. आता हिमोग्लोबिनच वापरते.

खरी गडबड छोट्या रेणूच्या रंगाची, जो मिठाच्या जागी मागून उतरताना दिसायला हवा. डायक्रोमेट विषारी, मुलांच्या हातात देणार नाही. ब्रोमोफिनॉल ब्लू अल्ब्युमिनला चिकटून प्रोटीनबरोबरच बाहेर आला. फेरीसायनाइडने हिमोग्लोबिन तपकिरी होतं, मेथहिमोग्लोबिन (हिमोग्लोबिनचं हे तपकिरी रूप) दाखवायला छान पण तपासणीला नको. रायबोफ्लेविन दिसायला सुंदर, पण जेल त्याला जरा अडवून धरतं, ते मिठाच्याही मागून येतं, म्हणजे कॉलम आहे त्यापेक्षा चांगला वाटतो, आणि हे मला फार उशिरा लक्षात आलं. व्हिटॅमिन बी-१२ उलट, १,३५५ डाल्टन, मिठाच्या जरा आधीच येतं, म्हणून ते प्रोटीनपासून सुटलं तर मीठ सुटणारच. फक्त हिमोग्लोबिनसोबत नको, लालात गुलाबी, सीमाच दिसत नाही. ब्लू डेक्स्ट्रानबरोबर एकदम स्पष्ट.

तरी रंगावर थांबू नका. आम्ही हिमोग्लोबिन अमोनियम सल्फेट या मिठाच्या द्रावणात घेतो, ट्रिस बफरने उतरवतो आणि प्रत्येक फ्रॅक्शनच्या (खाली गोळा केलेल्या भागाच्या) थेंबात बेरियम क्लोराइड टाकतो, पांढरं गढूळ झालं की सल्फेट आलं. फॉस्फेट बफरमध्ये ही टेस्ट करू नका, तोही साका देतो. आणि सॅम्पल १ मिलीच असेल तर आधी दीड मिली बफर घालून २.५ पूर्ण करा, ते २.५ मिली खाली वाहून जाऊ द्या, मग बफर घालून ३.५ मिली गोळा करा. आमच्या एका बॅचने हे केलं नाही तेव्हा थोडा लाल रंग कॉलममध्येच राहिला, नुसत्या पारदर्शक प्रोटीनवर ते कुणाला कळलंही नसतं.

बी-१२ ची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, उजेडाने खराब होतं.