लाकूडफोडी यंत्र: आधी मोठा सिलिंडर घ्यावा की दोन टप्प्यांचा पंप?

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी साठवायची, लाकडं भरायची वेळ जवळ आली की तेलाच्या दाबावर चालणारं (हायड्रॉलिक) लाकूडफोडी यंत्र असलेल्या घरांत एकच चर्चा चालते. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेलं यंत्र चालतं, पण कमी पडतं. मग कुणी म्हणतं सिलिंडर मोठा टाका, कुणी म्हणतं पंप मोठा टाका, तर कुणी मोटारच बदलायला सांगतं. या तिन्ही गोष्टींचा परिणाम वेगवेगळा होतो, आणि चुकीची निवडली तर पैसे घालूनही मे महिन्यात आपण तिथेच उभे असतो. माझं मत आधीच सांगतो. घरगुती सिंगल फेजवर चालणाऱ्या यंत्राला पहिला खर्च दोन टप्प्यांच्या (हलक्या कामात वेग, जड कामात जोर देणाऱ्या) पंपावर करावा. सिलिंडर त्यानंतर, आणि तोही खरोखर गरज असेल तरच.

तुलनेसाठी एक नेमकं यंत्र धरू. ८० मि.मी. बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर, ४० मि.मी. रॉड, अर्ध्या मीटरचा स्ट्रोक (रॉडचा प्रवास), ३ एचपी सिंगल फेज मोटार, तिला जोडलेला ५ सीसीचा (एका फिरण्यात ५ घन सें.मी. तेल देणारा) गियर पंप, आणि खाली १५० मि.मी. चा आय गर्डर. १४४० आरपीएमला हा पंप मिनिटाला साधारण ७ लिटर तेल देतो. ठरावीक दाबापुढे तेल टाकीत सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारवर ठेवला (वर्कशॉपमध्ये याला १६० किलोच म्हणतील, फरक किरकोळ आहे), तर पाचरीवर सव्वाआठ टनांच्या आतबाहेर जोर येतो.

काहीही विकत घेण्याआधी पंप आणि रॉड मागे-पुढे करणारा लीव्हर व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ० ते २५० बारचा, ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज बसवा. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि निर्णय हीच देते. ओंडका लावा आणि काट्याकडे बघा. काटा १६० ला जाऊन पाचर थांबत असेल, तर जोर कमी पडतोय. काटा ४०-५० च्या आसपास रेंगाळतोय, लाकूड फुटतंय, पण रॉड गोगलगायीसारखा सरकतोय, तर तेल कमी पडतंय. तिसरी शक्यताही आहे. रॉड पूर्ण बाहेर टेकवून क्षणभर लीव्हर दाबून धरला तरी काटा १२०च्या वर जात नसेल, तर पंप झिजलाय, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बसलीय, नाहीतर सिलिंडरचं पिस्टन सील आतून तेल सोडतंय. तेव्हा नवं काही घेण्याआधी दुरुस्ती करायची. सकाळी जोर असतो आणि दुपारी तेल तापल्यावर जातो, हे झिजलेल्या पंपाचं ठरलेलं लक्षण.

मोठा सिलिंडर

जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. ८० ऐवजी १०० मि.मी. चा सिलिंडर टाकला की क्षेत्रफळ ५० चौ.सें.मी. वरून साडेअठ्ठ्याहत्तरवर जातं आणि त्याच १६० बारला जोर पावणेतेरा टनांच्या वर पोचतो. १२५ मि.मी. ला तो २० टन होतो. ऐकायला फार छान वाटतं. पण तेल तेवढंच, मिनिटाला ७ लिटर. त्यामुळे १०० मि.मी. चा सिलिंडर बाहेर यायला ३४ सेकंद आणि आत जायला २५ सेकंद घेतो. गड्याने ओंडका लावायचा आणि जवळपास मिनिटभर उभं राहायचं. दिवसाची मजुरी लक्षात घेतली, तर हा जोर फार महाग पडतो.

दुसरा मुद्दा गर्डरचा आहे. तो दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे जरा जास्त थांबतो. सिलिंडर गर्डरच्या वर बसतो, त्यामुळे जोर गर्डरला नुसता ताणत नाही, वाकवतोही. सिलिंडरची मध्यरेषा गर्डरच्या मध्यापासून १५ सें.मी. वर धरली, तर ८० मि.मी. सिलिंडरच्या पूर्ण जोराला १५० च्या गर्डरवर ताण आणि वाकणं मिळून साधारण १६५ ते १७० मेगापास्कल येतात. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं, म्हणजे इथवर चालतं. त्याच गर्डरवर १०० मि.मी. चा सिलिंडर टाकला की आकडा २६० वर जातो. गर्डर केळीसारखा वर उचलला जातो, पाचर तिरकी लागते, रॉड एका बाजूला घासतो आणि सील फाटतं. २०० मि.मी. च्या गर्डरवर तोच सिलिंडर टाकला, तर आकडा १४० च्या आत राहतो. म्हणून १०० चा सिलिंडर घ्यायचा असेल तर २०० चा गर्डर त्याच खर्चात धरा. पाचरीच्या मागची टेकणपट्टी आणि तिचं वेल्डिंगही त्यातच आलं.

नुसता मोठा पंप

५ सीसीच्या जागी १६ सीसीचा पंप टाकला की तेल तिप्पट, वेग तिप्पट. पण मोटारची ताकद तेवढीच. २.२ किलोवॅटच्या मोटारवर मिनिटाला २१ लिटर देणारा पंप ५० बारच्या थोडं वर गेला की मोटार गुरगुरून बसते. त्या दाबाला ८० मि.मी. च्या सिलिंडरवर जेमतेम पावणेतीन टन मिळतात. रॉड धावतो आणि लाकडात अडकतो. १६० बारपर्यंत हाच पंप फिरवायचा तर ९ एचपीच्या आसपास मोटार लागेल, आणि ती घरच्या सिंगल फेजवर चालणार नाही.

यात आपल्याकडच्या विजेची भर पडते. वाडीच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळणं नवं नाही. मोटारचा पीळ (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १८० ला तो साधारण ६१ टक्केच उरतो. कागदावरचा हिशोब २३० चा असतो, हे विसरू नका.

दोन टप्प्यांचा पंप

लाकूड फोडताना सगळ्या प्रवासात जोर लागत नाही. पाचर लाकडाला टेकेपर्यंत काहीच लागत नाही, पहिली चीर पडेपर्यंत भरपूर लागतो, आणि चीर पडल्यावर दाब पुन्हा खाली येतो. परतीला तर नुसता वेग हवा असतो. दोन टप्प्यांच्या पंपात दोन गियर जोड्या असतात. दाब कमी असतो तेव्हा दोन्ही मिळून तेल देतात. दाब ठरावीक आकड्यावर गेला की मोठ्या जोडीचं तेल बिनदाबाचं टाकीत परत जातं आणि लहान जोडी एकटी पूर्ण दाब देते.

आकड्यांत बघा. १६ आणि ५ सीसी मिळून मिनिटाला २८ लिटर. ४० बारपर्यंत ते २८ लिटर द्यायला जेवढी ताकद लागते, तेवढीच १६० बारला ७ लिटर द्यायला लागते. म्हणजे तीच ३ एचपीची मोटार पुरते. खालच्या तक्त्यात प्रवासातले ५ सें.मी. जड फोडीचे धरले आहेत.

| रचना (३ एचपी, १६० बार) | जोर | एक फेरी, जाऊन-येऊन |
|---|---|---|
| ८० मि.मी., ५ सीसी पंप | ८.२ टन | ३८ सेकंद |
| १०० मि.मी., ५ सीसी पंप | १२.८ टन | ५९ सेकंद |
| ८० मि.मी., १६+५ सीसी पंप | ८.२ टन | ११ सेकंद |
| १०० मि.मी., १६+५ सीसी पंप | १२.८ टन | १७ सेकंद |

तिसरी ओळ बघितली की माझा कल का आहे ते कळेल. गर्डर तोच, सिलिंडर तोच, वीजबिल वाढत नाही, आणि तेवढ्याच वेळात तिपटीहून जास्त फेऱ्या होतात.

हे मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, लाकूडफोडीसाठीच बनवलेला आयात पंप. त्यात टप्पा बदलणारा व्हॉल्व्ह आतच असतो. पण त्यावर लिहिलेला मिनिटाला ११ गॅलनचा आकडा ३६०० आरपीएमच्या पेट्रोल इंजिनासाठी असतो. १४४० च्या मोटारवर तोच पंप मिनिटाला १६-१७ लिटरच देईल. फिरण्याची दिशाही तपासून घ्या. दुसरा मार्ग म्हणजे साधा टँडेम (एकाच शाफ्टवरचा जोड) गियर पंप आणि बाहेरून अनलोडिंग व्हॉल्व्ह (दाब वाढला की मोठ्या जोडीचं तेल टाकीत सोडणारा), मध्ये एक चेक व्हॉल्व्ह (तेल उलट येऊ न देणारा). जोडणी थोडी वाढते, पण भाग वेगवेगळे बदलता येतात आणि कोल्हापूरच्या बाजारात सुटे मिळतात. आंबा किंवा फोंडा घाट चढून जाणाऱ्या कुणाकडूनही मागवता येईल असं सामान मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण ऐन एप्रिलमध्ये पंप गेला तर आयात मालाची वाट बघत बसायची सोय नसते.

पंपाबरोबर पाइप बदलावे लागतातच. २८ लिटरला सक्शन (टाकीतून पंपाकडे येणारा पाइप) एक इंची हवा. तिथे जुना अर्धा इंची ठेवला तर पंप हवा ओढून किरकिरतो आणि लवकर मरतो. प्रेशर लाइनला अर्धा इंची, दोन पदरी स्टीलजाळीचा होज पुरतो. नळाचं जीआय फिटिंग तिथे अजिबात लावू नका. परतीच्या वेळी सिलिंडरमागून पंपापेक्षा जास्त तेल बाहेर पडतं, ८० बोअर आणि ४० रॉडला मिनिटाला ३७ लिटर, म्हणून रिटर्न पाइप आणि फिल्टर त्या हिशोबाने घ्या. टाकी ५०-६० लिटरची करा, हायड्रॉलिक तेल ६८ नंबरचं. आपल्या उन्हाळ्यात तेच बरं.

रीजनरेशन व्हॉल्व्ह हाही एक पर्याय सांगितला जातो. त्यात रॉडकडचं तेल परत पिस्टनमागे येतं. १०० बोअर, ५० रॉडच्या सिलिंडरला वेग चौपट आणि जोर पाव होतो, आणि दाब वाढला की व्हॉल्व्ह नेहमीच्या रचनेवर येतो. पण बाहेर जायचाच वेग वाढतो, परतीचा नाही. पंप जुनाच ठेवायचा असेल तर विचार करा, नाहीतर सोडा.

वीज नको असेल तर

५ एचपी डिझेल इंजिन किंवा पॉवर टिलर घरात असेल, तर बागेतच लाकूड फोडता येतं, ओंडके ओढून आणावे लागत नाहीत. उतारावरच्या आमराईत हा फायदा मोठा आहे. पण व्ही-बेल्ट थेट पंपाच्या शाफ्टवर लावू नका. गियर पंपाच्या आतल्या बुशांना बाजूची ओढ सोसत नाही. मध्ये दोन पेडस्टल बेअरिंगवर वेगळी शाफ्ट घ्या आणि पंपाला जॉ कपलिंगने जोडा. थ्री फेज जोडणी असेल तर ५ एचपी मोटार सर्वांत उत्तम, फक्त शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवू नका.

लाकूड कोणतं

काजू, ओला सुरू, सरळ वाढलेला आंबा यांना आठ टन सहसा पुरतात. बाजारातली छोटी घरगुती विद्युत यंत्रं ५ ते ७ टनांचीच असतात. आकेशियाचं लाकूड पिळाचं आणि गाठींचं, वाळल्यावर तर फारच चिवट, म्हणून ते ओलं असतानाच फोडावं. वर्षभर वाळलेला, हातभर जाडीचा आकेशिया हेच तुमचं मुख्य काम असेल, बेकरीला किंवा खानावळीला पुरवठा असेल, तर तक्त्यातली चौथी ओळ तुमची. तसंच वादळात पडलेल्या झाडांचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोलीकडे मुळांसकट आडवे झालेले बुंधे ज्यांनी फोडले, त्यांना बुंध्याचा भाग किती जोर मागतो ते माहीत आहे. माडाचं खोड मात्र कितीही टन लावले तरी नीट फुटत नाही, ते चेपतं आणि तंतूंनी लोंबकळतं. ते करवतीनेच कापा. चार पाकळ्यांची पाचर लावायची हौस असेल तर तिलाही बराच जास्त जोर लागतो, आणि आठ टनांवर ती निराशाच करते. उलट जुनी बोथट पाचर ग्राइंडरने बारीक धारेची केली, की जोर वाढवायची गरज काही वेळा तिथेच संपते.

जुना सिलिंडर घेताना

भंगारात मिळणारा टिपिंग ट्रॉलीचा जॅक घेऊ नका, तो एकाच बाजूने तेल घेतो आणि आपोआप परत येत नाही. जेसीबीचा बकेट सिलिंडर चालतो. फक्त त्याचा रॉड जाड असतो. १०० ला ७० चा रॉड असेल तर परत येताना २८ लिटरचे ५५ लिटर होऊन बाहेर पडतात, आणि तुमचा लीव्हर व्हॉल्व्ह तेवढ्याचा आहे का ते बघावं लागतं. रॉडवर नख फिरवा. खाऱ्या हवेत क्रोमला बारीक खड्डे पडतात, आणि नखाला लागेल असा एक खड्डासुद्धा नवं सील कापायला पुरेसा असतो. स्वतःच्या यंत्राचंही तेच आहे. पावसाळ्यात यंत्र उभं ठेवताना रॉड पूर्ण आत ठेवा, टाकी तेलाने काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवा राहत नाही, आणि दसऱ्याला पुन्हा सुरू करण्याआधी टाकीच्या तळाचं बूच सैल करून साचलेलं पाणी काढा. तेल दुधाळ दिसलं तर बदलायचं.

नवा पंप बसवल्यावर आधी सक्शन तेलाने भरा, रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण सैल करून मोटार सुरू करा आणि रॉड चार-पाच वेळा रिकामा आत-बाहेर करून हवा काढा. मग अनलोडिंग ४० वर लावा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर ३० ते ३५ वर, आणि रिलीफही त्या मानाने खाली. रिलीफ पायरीपायरीने चढवा, १६० च्या पुढे नाही. तेल गरम झाल्यावर दोन्ही आकडे पुन्हा तपासा. होजला कुठे ओल दिसली तर बोटाने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. या दाबाची सुईएवढी धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडतो. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं, आणि आत तेल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.