उन्हाळी हॅट: ६५०४ की ६५०५?

आयात केलेली कागदी धाग्याची हॅट दिसायला गवताच्या हॅटसारखीच. पण कस्टम्सला ती कशी दिसते याच्याशी घेणं नाही, ती कशी बनली ते हवं असतं. त्यावरूनच ती ६५०४ की ६५०५ या शीर्षकात, म्हणजे कस्टम्सच्या माल-वर्गीकरणातल्या क्रमांकात, बसते ते ठरतं.

हॅट उलटी करून टाळूचा मधला भाग बघा. अरुंद वेणीची पट्टी तिथून गोल गोल फिरत, कडेला कड शिवत खाली आली असेल, तर ६५०४. अख्खी हॅट एकसंध गुंफलेली असेल, म्हणजे टोपलीसारखी, तरीही ६५०४च. पट्टी गवताची की प्लास्टिकची, याने शीर्षक बदलत नाही.

आता त्याच कागदी धाग्याचं आधी कापड विणलं, मग तुकडे बेतून शिवले, तर ती ६५०५. बेसबॉल कॅप, लोकरीची कानटोपी यांचंही घर हेच. २००७ पासून फेल्ट (दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या किंवा केसांच्या कापडाची) हॅटही इथेच, कारण तेव्हा तिचं वेगळं शीर्षक ६५०३ रद्द झालं.

इन्व्हॉइसवर नुसतं ‘स्ट्रॉ हॅट’ लिहिणारे पुरवठादार मला तरी डोकेदुखीच वाटतात. माल निघण्याआधीच आतल्या शिवणीचा जवळून काढलेला फोटो मागवावा. सेफ्टी हेल्मेटचा इथे प्रश्नच नाही, ते थेट ६५०६ मध्ये.